डाव्या तळहाताचा सौदा

१९४८ च्या जानेवारीत, येळवस म्हणजे रानातल्या पूजेची अमावस्या होऊन थोडे दिवस झाले असताना, खजुरीत आमच्या वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ते आडतीच्या दुकानात ज्वारीच्या पोत्याला टेकून बसले होते. उठायला गेले आणि डावा पाय जागेवरच राहिला. त्यांना उचलून घरी आणणाऱ्यांत मी होतो. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. घरी आणल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हे: "त्या पोत्याचं माप झालं का?"

आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. आई आधीच वारली होती. थोरला भाऊ, अण्णा, त्यांच्याबरोबर आडत पाहत होता. मी गुलबर्ग्याला तेलाच्या गिरणीत कारकून होतो. गिरणी त्या हिवाळ्यात बंद पडली म्हणून गावी परतून आडतीतच बसत होतो. माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात बाई एकच, अण्णाची बायको, आमची वैनी. तिला तेव्हा तिसरा महिना लागला होता. याआधी तिला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्याच्या आसपास मूल पोटातच गेलं होतं. दोन्ही वेळा ती कामाखाली होती, असं सुइणीचं म्हणणं होतं. पहिल्या खेपेला आईचं आजारपण होतं, दुसऱ्या खेपेला सुगी.

अप्पांना सकाळी खाटेवरून उचलून न्हाणीत पाटावर बसवायचं काम आम्ही दोघं भाऊ करायचो. पण दिवसभर त्यांना पुन्हा पुन्हा उचलावं लागे, आणि ते बहुतेक आम्ही घराबाहेर पडल्यावर सुरू होई. कूस बदलायची, अंथरूण बदलायचं, भिंतीला टेकवून बसवायचं, घसरले की परत वर ओढायचं. ते अंगानं भारी होते. हे सगळं वैनी एकटी करायची.

त्याहून अवघड गोष्ट पूजेची होती. आमचं घर लिंगायत. अप्पा रोज आंघोळीनंतर गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत आणि तोवर पाण्याचा थेंबही घेत नसत. आता तोच हात गेला होता. बोटं आत वळून मूठ घट्ट झाली होती. कुणीतरी ती एकेक करून उघडायची, आपला तळहात खालून लावून त्यांचा तळहात सपाट धरायचा आणि पूजा संपेपर्यंत हलू द्यायचा नाही. गावच्या अय्यांना, म्हणजे आमच्या जंगम पुरोहितांना, विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की आधार देणारं माणूस लिंगधारी असावं.

पहिल्या दिवशी अण्णानं हात लावला. अप्पांची बोटं मधेच आवळली, अण्णानं घाबरून आपला हात काढला आणि लिंग घसरलं. अप्पांनी उजव्या हातानं ते छातीशी दाबून धरलं. खाली पडलं असतं तर काय झालं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. लिंग हरवलं किंवा भंगलं तर जीव ठेवायचा नाही, असं मानणाऱ्या पिढीतले ते होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुढे झालो तर म्हणाले, "एकाचं बघितलं. दुसराबी त्याच तागड्यातला."

तिसऱ्या दिवशी वैनी बसली. तिचा हात हलला नाही. त्यानंतर अप्पा दुसऱ्या कुणाचा हात लावून घेईनात. म्हणजे उचलायला गडी ठेवला असता तरी वैनीला एक दिवसही घर सोडता आलं नसतं. ती माहेरी गेली तर अप्पा उपाशी राहणार, हे तीही जाणून होती.

पाडव्याच्या सुमाराला, म्हणजे पाचव्या महिन्यात, वैनीच्या पोटात दुखायला लागलं आणि लुगड्याला डाग लागला. सुईण आली. तिनं बघितलं आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या अण्णाला सांगितलं, "हिला आता तांब्याबी उचलू द्यू नगा. माहेरी घाला. हितं ऱ्हायली तर मला बोलावू नगा, मी येणार न्हाई."

वैनीचं माहेर संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, हिंदी मुलखात, अक्कलकोटच्या बाजूला. एरवी बैलगाडीनं एका दिवसाचा रस्ता. त्या उन्हाळ्यात मात्र रस्त्याची खात्री नव्हती. हत्यारबंद माणसं गावोगाव फिरत होती, करोडगिरीच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीच्या, नाक्यावर गाड्या अडवल्या जात होत्या. गावातली निम्मी घरं सामान बांधून बसली होती. नाका कधी बंद होईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी आळंदच्या बाजूची गावं फिरलो. उचलायला दांडगे गडी मिळत होते, पण लिंगधारी, घरात राहणारा आणि म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं काढायला तयार, असा एकच भेटला. निंबर्ग्याचा. आईच्या नात्यातला, म्हणून आम्ही त्याला मामा म्हणायचो. पन्नाशीचा, विधुर, अंगानं काटक. भावाच्या रानात राबायचा, स्वतःच्या नावावर नांगराचं एक तासही नव्हतं. त्याची आई अशीच लुळी पडून गेली होती आणि तिचं सगळं त्यानंच केलं होतं. मी विचारल्यावर तो लगेच माझ्याबरोबर निघाला.

अण्णानं त्याला ओसरीवर बसवून सालगड्याचं बोलणं केलं. वर्षाची ज्वारी, दोन धोतरं, घोंगडं, वहाणा, सणाला गूळ.

मामानं ऐकून घेतलं. "सालगडी बैलाला वैरण घालतो, अण्णा," तो म्हणाला. "तुमाला गडी पायजे का बाप सांभाळणारा?"

"मग तुझं काय म्हणणं हाय?"

"विहिरीचं रान."

"कसायला?"

"नावावर."

आमची बाकीची जमीन पावसावरची होती. विहिरीचं रान तेवढं बागायत. घराचा गहू, मिरची, कांदा तिथून यायचा आणि आडतीत मंदी आली की घर त्यावर चालायचं. अण्णा हसला. त्याला ही थट्टा वाटली असावी. मामा हसला नाही.

"अप्पा महिन्यात गेले तर?" अण्णानं विचारलं. "एका महिन्याला आख्खं रान?"

"आन् धा वर्सं जगले तर? मी बी म्हातारा हुईन त्यांच्या उशापाशी. तवा तुम्ही म्हणाल का, ह्यो घे आनखी एक तुकडा?"

अण्णा म्हणाला, विचार करून सांगतो. मामा म्हणाला, "करा. मी दोन दिस हाय. फुकट खायचा न्हाई, तवर त्यांचं करतो." आणि तो अप्पांच्या खोलीत गेला.

अण्णा आणि वैनी यांचं बोलणं स्वयंपाकघरात झालं. मी मागच्या दारात बैलाचा दोर वळत होतो. मला ऐकू येत होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

"आनखी दोन महिने काढ कसं तरी," अण्णा म्हणाला. "मी दुकान बंद ठिवतो. उचलायचं मी बघतो. तू निस्ता सकाळी हात लाव."

"आन् नाका बंद झाला मग?"

"न्हाई हुत. लोक उगं बोलायलेत."

"दोन महिने मी काढीन," वैनी म्हणाली. "पोटातलं काढंल का, त्याला इचारा."

तिनं काटकी मोडून चुलीत घातल्याचं ऐकू आलं.

"तुमी रानाकडं बघायलात. बघा. रान हितंच ऱ्हातंय. मागल्या दोघांच्या वक्ताला बी हितंच हुतं."

"मी तसं म्हणलो का?"

"न्हाई म्हणलात. मीच म्हणायले. कुणीतरी म्हणाया पायजे की."

अण्णा बाहेर आला. मला बघून म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हणालो की नाका बंद होणार. अक्कलकोटच्या रस्त्यानं आलेल्या एका गाडीवानानं मला तसं सांगितलं होतं. अण्णा म्हणाला, "ते नव्हं इचारलो." मी म्हणालो, मग मला माहीत नाही.

हे सगळं अप्पांपर्यंत पोचलं होतं. कुणी सांगितलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अण्णाला, मला आणि मामाला खोलीत बोलावलं. वैनी दाराशी उभी राहिली.

"माझा भाव चाललाय म्हणं," अप्पा म्हणाले. शब्द चावल्यासारखे यायचे. "मालकाला न इचारता माल इकायलात व्हय रे?"

"तसं न्हाई, अप्पा," अण्णा म्हणाला.

"मणावर घालायचा तर बिगी घाला. रोज वजनाला उतरायलोय मी." मग ते मला म्हणाले, "दुकानातलं उपरणं आण."

आमच्या बाजूला आडतीवर भाव तोंडानं बोलला जात नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून आकडा सांगत. चारचौघांत बसूनही भाव त्या दोघांनाच माहीत असे. माप पुरं झाल्यावरच तो उघड होई. मधेच विचारायचं नाही, एकदा होय म्हटल्यावर मोडायचं नाही. अप्पांनी सगळं आयुष्य असे सौदे केले होते.

मी उपरणं आणलं. अप्पांनी उजवा हात पुढे केला. मामा खाटेच्या कडेला उकिडवा बसला. मी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं.

कापड हलत होतं. मधे एकदा मामानं मान हलवली, नाही म्हणून. अप्पा बोलले, "आडमुठा हायस." मामा म्हणाला, "तुमीच कुठं कमी हाव?" परत कापड हललं. अण्णा त्या कापडाकडे बघत होता. वैनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

अप्पांनी हात बाहेर काढला. "झाला सौदा."

"किती?" अण्णानं विचारलं.

"दुकानात कवा असं मधेच इचारलास का?"

"ते ज्वारीचं असतंय, अप्पा. हे रान हाय."

"ज्वारी रानातच येती." ते मामाकडे वळले. "सकाळी बघू तुझा हात."

अण्णाला हा सौदा मोडता आला असता, असं कुणी म्हणेल. पण जमीन अप्पांच्या नावावर होती हे एक. दुसरं असं की अण्णाला पुढे आडत चालवायची होती. उपरण्याखाली झालेलं मोडणाऱ्याच्या दारात परत कुणी पोतं उतरवलं नसतं. तो त्या दिवशी जेवला नाही, पण मोडतो असंही म्हणाला नाही.

सकाळी आंघोळ झाल्यावर मामा पाटासमोर बसला. आम्ही तिघंही तिथे होतो. त्यानं अप्पांची करंगळी आधी सोडवली, मग बाकीची बोटं, घाई न करता. आपला तळहात खालून सारला. अप्पांनी विभूती लावली, लिंग ठेवलं, पाणी घातलं, बेल वाहिला. एकदा डावा दंड थरथरला तेव्हा वैनी पुढे झाली. मामानं तिच्याकडे न बघता दुसऱ्या हातानं अप्पांचं कोपर धरलं. थरथर थांबली. पूजा संपली. लिंग पुन्हा वस्त्रात बांधून गळ्यात गेलं आणि अप्पांनी भाकरी मागितली.

"जा आता, अव्वा," ते वैनीला म्हणाले. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. सुनेला ते नेहमी पोरी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैनीला गाडीत घालून निघालो. खाली कडबा, त्यावर दोन गोधड्या. नाक्यावर गाडी थांबवली. एकानं गोधड्यांत काठी खुपसून बघितलं, दुसऱ्यानं वैनीला खाली उतरायला सांगितलं. मी उर्दूत सांगितलं की बाई गरोदर आहे, उतरली तर परत चढवता येणार नाही. तो म्हणाला, "सब ऐसाच बोलते. जेवर लेके भागते." वैनीनं गाडीतूनच हातातल्या पाटल्या काढून त्याच्यापुढे धरल्या. त्यानं त्या घेतल्या आणि रस्त्यावरचा आडवा दोर सोडला. नाका ओलांडल्यावर ती कडब्यावर आडवी झाली ती माहेर येईपर्यंत उठली नाही.

मी एकटा परतलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत नाका बंद झाला. पलीकडून चिठ्ठी येईना, माणूस येईना. सातवा महिना आला आणि गेला. आम्हाला काहीच कळलं नाही.

गाव रिकामं होत गेलं. लोक आडवाटांनी, रानांतून पलीकडे जात होते. अण्णानं अप्पांना गाडीत घालायचं ठरवलं आणि एकदा प्रयत्नही केला. चौकापर्यंत जाताना अप्पांचा श्वास लागला. गाडी परत वळवली. "मला हालवायचं तर मामाला इचारून हालवा," अप्पा म्हणाले. मामा म्हणाला, "हालवू नगा." त्याला स्वतःला निंबर्ग्याला निघून जाता आलं असतं. त्याचा भाऊ न्यायला आला होता. मामानं त्याला भाकरी वाढून परत पाठवलं.

त्या दिवसांत अण्णानं मामाला दोनदा भाव विचारलेला मी ऐकला. एकदा रागानं आणि एकदा जवळजवळ विनवून. मामाचं उत्तर एकच होतं: "माप हुंद्या."

"आन् तू तवा कायबी सांगशील. मला काय कळंल?"

"मग तुमच्या अप्पास्नी इचारा."

श्रावणात अप्पांचा ताप उतरेना. गिळणं बंद झालं. पूजा मात्र रोज होत होती, आता पडल्या पडल्या. एका दुपारी अण्णा खाटेपाशी बसला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून अप्पांच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात आत घातला. मामा उठून बाहेर गेला. मी आत राहिलो. कापड अगदी थोडं हललं. हात बाहेर काढल्यावर अण्णानं उपरण्याची घडी घातली आणि उशाशी ठेवली.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. गावात उरलेल्या लोकांनी खड्डा खणला. आमच्यात बसवून पुरतात आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. मूठ मामानं उघडली, रोज उघडायचा तशीच, करंगळीपासून.

विधी झाल्यावर अण्णा मामाला म्हणाला, "माप झालं. आता सांग."

"पटवारी पळालाय," मामा म्हणाला. "रान दावणार कुणाला? रस्ते उघडू द्या." तो गेला नाही. ओसरीवर राहिला, बैलांचं बघितलं, विहिरीच्या रानात मिरचीला पाणी दिलं.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि नाका उठला. दसऱ्याच्या आधी अक्कलकोटच्या रस्त्यानं एक गाडी आली. मी वेशीत होतो. गाडीत वैनी होती आणि तिच्या मांडीवर मूल होतं. मुलगी. श्रावणातच झाली होती, दिवस भरून. अप्पा गेल्याचं तिला वेशीत कळलं, माझ्याकडून. तिनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि गाडीतून एकटी उतरली.

पटवारी परतल्यावर आम्ही विहिरीच्या रानात गेलो. अण्णा, मामा, पटवारी, मी. अण्णानं उपरणं काढलं. त्याचा आणि मामाचा हात त्याखाली गेले आणि फार वेळ आत राहिले नाहीत.

"व्हय," अण्णा म्हणाला. "त्यांनीबी हेच सांगितलं हुतं."

नेमका आकडा मला कधी कळला नाही. नंतर मी अण्णाला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं नाही. पटवाऱ्याला त्यानं हातानं दाखवलं ते मी पाहिलं: रानाचे दोन भाग, जवळजवळ सारखे. हद्दीचा दगड विहिरीच्या अलीकडे पुरला. विहीर मामाच्या बाजूला गेली.

संध्याकाळी वैनीला मुलीची बाळुती धुवायची होती. तिनं मामाला विचारलं आणि विहिरीवर गेली.